लाल गाडीच्या कुरबुरी

यादीतल्या पाचांपैकी चार कुरबुरी दुपारपर्यंत निघाल्या. यशवर्धनच्या लाल, दोन सीटच्या गाडीचा दरवाजा आता हलक्या हातानं लागत होता. काच घासत नव्हती, वायपर शहाण्यासारखा फिरत होता आणि इंडिकेटरचा दांडा जागेवर बसला होता.

उरली फक्त खुळखुळ.

"साठच्या वर गेलो की डॅशबोर्डमध्ये कुठंतरी वाजतं," यशवर्धन म्हणाला. "मुंबईहून आणली तेव्हापासून डोकं खातंय. एवढं निकालून द्या मास्टर, मग कामाचं बोलू."

सुधाकरने मान डोलावली. सुधाकर ठार बहिरा होता.

सव्वीस वर्षं त्याने मिलमध्ये, मागांच्या खडखडाटात फिटर म्हणून काढली होती. मिल बंद पडली तेव्हा भोंगा वाजायचा थांबला, हे त्याला शेजाऱ्यांकडून कळलं. ओठ वाचायची विद्या मात्र तिथूनच सोबत आली. त्या गदारोळात कुणाला कुणाचं ऐकू येणार? सगळेच एकमेकांची तोंडं बघून बोलत. बाहेर लोकांना वाटे, माणूस काय अदबीचा, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाही.

अदबीनं पोट भरत नाही. दोन कारखान्यांनी त्याला बहिरा म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. तेव्हापासून तो आणि त्याची बायको कमल कुणाला ताकास तूर लागू देत नसत. गिऱ्हाईक आलं की कमल गिऱ्हाइकाच्या पाठीमागे, सुधाकरला दिसेल अशी उभी राही. कुठं काही वाजलं की तिचा हात पदराकडे जाई, नजर आवाजाकडे, आणि सुधाकर त्या दिशेला वळे. इंदौरच्या परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे नाटक सहा वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

आता यशवर्धन सांवेर रोडवर नवा कारखाना काढत होता. तापलेलं लोखंड मोठ्या हॅमरखाली ठोकून परदेशात पाठवायचे पार्ट तिथं बनणार होते. मशिनींवर एक फिटर हवा होता, पक्क्या नोकरीवर. मिलमधला जुना सोबती शरद तिथं टाइमकीपर म्हणून लागला होता. त्यानंच यशवर्धनला इकडे धाडलं आणि सुधाकरला चिठ्ठी पाठवली, 'ही नोकरी खास तुझ्यासारख्यासाठीच आहे.' आपल्या हाताची कुणाला तरी आठवण आहे, हे वाचून सुधाकरचे डोळे भरून आले होते.

गाडीत दोनच सीटा. म्हणजे कमल मागे राहणार. तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो बसला.

उज्जैनच्या रस्त्याला लागल्यावर काटा साठच्या पुढे गेला. सुधाकरने स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ दातात धरली आणि टोक डॅशबोर्डला टेकवलं. ही मिलमधलीच युक्ती. मशीनचं दुखणं दातांतून थेट कवटीत येतं, त्याला कान लागत नाहीत. टोक सरकवत सरकवत तो डाव्या कोपऱ्यात थांबला. तिथं दात शिवशिवले.

"सापडलं," तो म्हणाला. "आतली क्लिप सुटलीय."

यशवर्धनने रस्त्यावरची नजर न काढता, ओठ जेमतेम हलवत विचारलं, "मिलचे लोक बहुतेक बहिरे होतात म्हणे?"

मागावर माणसं शेजारी शेजारी उभी असत. अर्ध्या तोंडावरून शब्द ओळखण्यात सुधाकरचं आयुष्य गेलं होतं.

"होतात, भिया," तो म्हणाला. "मी मात्र पहिल्या दिवसापासून कानात कापूस घातला. टाचणी पडली तरी कळते मला."

यशवर्धनने गाडी परत वळवली. सुधाकरला मात्र मनातून गुदगुल्या होत होत्या.

शेडशी परत आल्यावर त्याने डॅशबोर्ड उघडला, क्लिप बसवली आणि खाली रबराची पट्टी दिली. तो बॉनेटकडे वाकलेला असताना समोर उभ्या कमलचा हात पदराकडे गेला. तो शांतपणे वळला. यशवर्धनने खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला होता, आणि आता तो त्याच्याकडे टक लावून पाहत होता.

"बोला भिया," सुधाकर म्हणाला.

"काही नाही. हॉर्न बघत होतो."

मग यशवर्धन एकटाच एक चक्कर मारून आला. खुळखुळ गेली होती. त्याने सुधाकरचा हात हातात घेतला, असा कारीगर इंदौरमध्ये दुसरा नाही म्हणाला, आणि बाकीचं काकांशी बोलून कळवतो, असं सांगून गाडीत बसला. त्याचे काका नानासाहेब कारखान्यात भागीदार होते.

कमलला राहवेना. सुधाकरच्या दंडाला धरून तिनं त्याला आपल्याकडे वळवलं, म्हणजे तिचे ओठ त्याला दिसावेत. सहा वर्षांची तपश्चर्या फळाला आली, ती म्हणाली, आता हे रोजचं सोंग संपलं. सुधाकरला हसू आवरत नव्हतं. उद्या सुदामा नगरात शरदकडे पेढे घेऊन जायचं, असं दोघांचं तिथंच ठरलं.

गाडी अजून समोरच होती. काचा वर होत्या. कानाला मोबाइल लावून यशवर्धन बोलत होता, आणि त्याचं तोंड बरोबर त्यांच्याकडे होतं. सुधाकरने हसू न पुसता त्याच्या ओठांकडे पाहिलं.

"काका, त्या दुसऱ्या फिटरलाच घेऊन टाका आजच्या आज. ह्याचे हात सोन्याचे आहेत, पण शरदनं फसवलं आपल्याला. हॅमरशेडमध्ये आधीच ठार बहिरा झालेला माणूस पाहिजे, नाही तर ऐकू येणारा उद्या कान गेले म्हणून भरपाई मागत आपल्याच नावानं बोंबलेल. ह्याला तर सगळं ऐकू येतं."