तानीची झोप

"गोळी उपाशीपोटी. नंतर अर्धा तास चहासुद्धा नाही," सुकन्या सिस्टरने बजावलं आणि तानीच्या हातातला कप काढून घेतला.

"घरी तर चहा देऊन बी उठत न्हवती," खाटेच्या पायथ्याशी बसलेली तानीची सासू गोदू म्हणाली. "म्हशीगत पडून असायची."

तानीने पाण्याबरोबर गोळी गिळली. पंधरा दिवसांपूर्वी तिला भिवंडीच्या या दवाखान्यात आणलं, तेव्हा ती बोलण्याच्या अवस्थेतच नव्हती. मे महिन्याच्या उकाड्यात अंगावर दोन गोधड्या, तरी हातपाय गार. चेहरा सुजलेला, कातडी खरखरीत, आवाज घोगरा. मानकोलीच्या गोदामात ती खोकी उचलायला जायची. तिथे उभ्याउभ्या डोळा लागायचा म्हणून मुकादमाने काढून टाकलं. पाड्यावर सगळेच तिला आळशी म्हणायचे. नवरा, धाकल्या, तोसुद्धा. इथे रक्त तपासलं आणि थायरॉइड निघालं.

सुकन्याने तिला हळूहळू माणसात आणलं. ऊब राहील असं पांघरूण घातलं, अंगाला खोबरेल चोळलं, पुन्हा पुन्हा नाडी बघितली, भरवलं. कालपासून तानी आपली वेणी आपण घालू लागली होती. आज तिला घरी सोडणार होते. धाकल्या रिक्षा बघायला खाली गेला होता. तेवढ्यात सुकन्याने सासू-सुनेला समोर बसवलं.

"गळ्यात इथे एक ग्रंथी असते. तिच्यातून रस येतो, त्यावर सगळं अंग चालतं. हिचा रस आटला होता, म्हणून झोप, म्हणून सूज. हिने मुद्दाम काही केलं नाही. रोज गोळी घेतली की चारचौघींसारखी काम करील. पण बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. जन्मभर घ्यायची."

"म्हंजे मी आळशी न्हाय?" तानीने विचारलं.

"नाही."

"जरा जोरानं सांग ना, बाय."

"तू आळशी नाहीस!" सुकन्या मोठ्याने म्हणाली. पलीकडच्या खाटांवरच्या बायका वळून बघू लागल्या. तानीने तोंडाला पदर लावला. ती हसत होती.

गोदू हसली नाही. सूज उतरलेल्या त्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली.

"माझी थोरली पोर अशीच व्हती," ती म्हणाली. "धाकल्याची बहीण. असंच त्वांड सुजायचं. उनात गोधडी मागायची. मी तोंडावर पाणी मारून उठवायची तिला. काय काय बोलायची. एका थंडीत उठलीच न्हाय. धाकल्या तवा रांगत व्हता."

तानीचं हसू थांबलं. तिला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"बाय," गोदूने विचारलं, "ही गोळी तवा व्हती का?"

सुकन्या धाकल्याच्याच वयाची. तिची आजी हीच गोळी घ्यायची, तिच्या जन्माच्याही आधीपासून. सकाळी आजीला पाण्याचा पेला नेऊन द्यायचं काम लहानग्या सुकन्याचं असायचं. पेशंटशी खोटं बोलायचं नाही, असं ती नव्या मुलींना नेहमी शिकवायची.

तिने गोळ्यांच्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"नव्हती, आजी," ती म्हणाली. "नंतर आली."

गोदूने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग हात पुढे करून बाटली मागून घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि वर आणखी एक गाठ मारली.

"तू लय चांगली हायस, बाय," ती म्हणाली.