रांगेतलं बारसं

“आता तरी सांग, हिचं नाव काय?” मी विचारलं. मी या एचआयव्ही केंद्रातली समुपदेशक. समोर बसलेल्या बाईची दीड वर्षाची पोर टेबलाखाली माझी चप्पल ओढत होती.

“ठेवलंच नाही, ताई. शेवटची तपासणी होऊ दे म्हटलं. नाव ठेवलं की जीव जास्त गुंततो.”

मी रिपोर्ट पुढे सरकवला. “पोरीला काही नाही. ती पोटात असल्यापासून तू तुझी गोळी चुकवली नाहीस, नंतर तिचं औषध चुकवलं नाहीस. तुझा आजार तिच्यात उतरला नाही.”

पोर आत्ताच जन्मली असावी, तशी आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हिची आत्या आमच्या दारात पाऊल टाकत नाही. तुम्ही ठेवाल नाव?”

बाहेर औषधाच्या रांगेत बायका बसल्या होत्या. त्यांच्यात उभी राहून मी पोरीच्या कानात आईनं सुचवलेलं नाव सांगितलं, केतकी.

“कुर्रर्र,” एक म्हातारी म्हणाली आणि बारशाच्या रीतीनं माझ्या पाठीत धपाटा घातला. मग सगळी रांगच उठली. ज्यांच्या हातचं पाणी गावात कुणी पीत नाही, त्या सगळ्यांचे धपाटे मी वाकून पाठीवर घेतले.