यंदाचा खजिनदार

"गणपतीचा खजिनदार यंदाही तूच," सोसायटीच्या बैठकीत सगळे माझ्या नवऱ्याला म्हणाले. मी डोळ्यांनीच खुणावलं, नुसतं नाही म्हण.

तो उभा राहिला. "धंदा बुडालाय. कर्ज फिटणं शक्य नाही. सोमवारी दिवाळखोरीचा अर्ज करतोय. तुमची वर्गणी माझ्या हातात नको."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं, आणि त्याच्याकडे बघतच राहावं असंही. वर्षभर लपवलेलं किती सरळ सांगितलं त्यानं!

"बरं, पैसे दुसरा कुणी सांभाळेल," तळमजल्यावरच्या परचुरे आजी म्हणाल्या. "पण आरतीला ढोलकी तूच वाजवायची हो. ती काही बँक उचलून नेत नाही."

सगळे हसले. तोही खदखदून हसला, आणि माझ्या मांडीवरचं सहा महिन्यांचं बाळ दचकलं. बापाचं हसू ते पहिल्यांदाच ऐकत होतं.