मे महिन्यातली मारबत

"काहून गा मुकुंदा, मे महिन्यात मारबत कोण काढते?" नानाजींनी माइक बाजूला सारला.

"पोळ्याच्या वेळी धावपळ होते नानाजी. आत्ताच करून ठेवू." मुकुंद मान वर न करता टेपच्या मशीनशी चाळा करत राहिला. "म्हणा ना एक डाव. खोकला, रोगराई घेऊन जाय गे मारबत!"

नानाजी म्हणाले नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा निघतो, सारं नागपूर रस्त्यावर येऊन ही आरोळी ठोकतं. ती भर उन्हाळ्यात, भिंतींना गाद्या ठोकलेल्या बंद खोलीत ठोकायची? दिवाळीची टेप झाली होती, संक्रांतीची झाली होती, आता मारबत. कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्कीच.

महाल भागातल्या या खोलीतून मुकुंद कॅसेटी काढायचा. पुष्पलताबाईंच्या पाककृती, लहानूचा संत्र्याच्या बागांचा सल्ला, मुलांच्या गोष्टी आणि 'नानाजींची ओसरी'. सलूनमध्ये, पानठेल्यावर, काटोलच्या बसमध्ये त्या वाजायच्या. मुकुंदची शिस्त भारी कडक. बाहेर सायकलरिक्षाची घंटी वाजली तरी तो मशीन थांबवायचा आणि पहिल्यापासून बोलायला लावायचा. कूलर तर बंदच. ओला पंचा मानेवर टाकायचा अन् बोलायचं.

आणि गेल्या आठवड्यात याच मुकुंदने जाहीर केलं, बाकी सगळं बंद. आता फक्त 'नानाजींची ओसरी'.

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. पण नानाजी म्हणजे नानाजी! उभ्या जन्मात त्यांनी दुधवाल्यावर विश्वास ठेवला नव्हता, मुकुंदवर काय ठेवणार? पुष्पलताबाई माइकसाठी एरवी हमरीतुमरीवर यायच्या. कार्यक्रम बंद झाला तरी बाई हूं की चूं करेनात. उलट स्वतःची गादीची खुर्ची त्यांनी नानाजींना देऊन टाकली. लहानू रोज न मागता ज्येष्ठमध आणून द्यायला लागला.

आणि खुद्द बायको, गोपिका! नानाजींच्या कार्यक्रमाची सुरुवात ठरलेली होती. "गोपिके, चा मांड वं!" ही हाक अख्ख्या विदर्भाला पाठ. उत्तर मात्र कधी कोणी ऐकलं नव्हतं, कारण गोपिकाबाई भारी लाजाळू, स्टुडिओची पायरी चढायच्या नाहीत. त्या आता थर्मास घेऊन रोज बाहेरच्या खोलीत बसत होत्या. नानाजी दाराशी आले की तिथली कुजबुज एकदम थांबायची. विचारलं तर, "काही नाही जी, असंच."

नानाजींनी हिशेब जुळवला. त्यांचा घसा महिनाभर बसलेला होता. साधी सूज हाये, असं गोपिकाबाई डॉक्टरांशी बोलून आल्यावर म्हणाल्या होत्या. पण मुकुंदला बसलेला आवाज कशाला चालेल? वर्षभराचे सण म्हाताऱ्याकडून वदवून घ्यायचे, कपाट भरायचं आणि मग त्याला दार दाखवायचं. खुर्चीवर कोण बसणार, तेही ठरलेलं असणार.

पण नानाजीही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ऐन रंगात आलं की ते मुद्दाम खोकायचे. शब्द गिळायचे. "आज घसा साथ देऊन नाही राहिला," म्हणत दुपारीच टोपी उचलायचे. टेपमागून टेप वाया जायची. मुकुंदचा चेहरा पडायचा आणि नानाजींना मनातून गुदगुल्या व्हायच्या.

आज त्यांनी टोपी उचलली ती कायमचीच.

"मी चाललो. हाकलाचं असन तर तोंडावर हाकल गा! पुष्पलताबाई बसन माह्या जागेवर. मले काय समजत नाही?"

दारात गोपिकाबाई उभ्या होत्या. त्यांनी वाट सोडली नाही.

"तू बी यांच्यातली काय वं?"

"हो जी. मीच सांगतलं मुकुंदले, बाकी सारं बंद कर म्हणून." गोपिकाबाई थांबल्या नाहीत. "ती सूज नाही, गाठ हाये, अन् साधी नाही. सोमवारी घसा कापणार हायेत. जीव वाचन म्हणते डॉक्टर. आवाज नाही वाचत. मारबत बी मीच म्हणाया लावली. वाटलं, मारबत घेऊन जाईन तुमचा खोकला."

बाहेरच्या खोलीत पुष्पलताबाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या.

नानाजी खुर्चीवर बसले. सुरीची भीती नंतर वाटली. आधी डोळ्यांपुढे आल्या त्या वाया घालवलेल्या टेपा. मुद्दाम खोकलेलं, मुद्दाम गिळलेलं सगळं. शब्द असे संपणार आहेत हे माहीत असतं, तर त्यांनी एकही गिळला नसता. आयुष्यात त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"लाव गा मशीन," ते म्हणाले.

आधी त्यांनी मारबतीची आरोळी ठोकली, घसा फाटेस्तोवर. मग पाणी प्यायले, माइक जवळ ओढला आणि नेहमीची हाक दिली.

"गोपिके, चा मांड वं!"

"मांडला जी!" दारातून उत्तर आलं, स्वच्छ, मोठ्याने.

मुकुंदने मशीन थांबवली नाही.