सूटका

नवरा रोजच्यासारखा, आतूनही किल्लीनेच उघडणारं दाराचं कुलूप बाहेरून लावून कामावर गेला. पावलं जिन्यात विरली तशी तिने मोबाईल काढून गृहिणींच्या फोरमवर 'सुटका' टॅग शोधला. झुरळांपासून सुटका, घोरण्यापासून सुटका, पाहुण्यांपासून सुटका! कपाळावर हात मारून ती खाली सरकत गेली. तळाशी 'सूटका' असा चुकलेला टॅग होता. त्यात एकच चर्चा, वर्षभर उत्तराविना पडलेली: "नवऱ्याने मला कोंडलं, आता मूलगा सूनेला कोंडतो. माझ्या तोंडाला कूलूप. तिची सूटका कशी करू?" तिची नजर ओट्यावरच्या, सासूबाईंनी लिहिलेल्या सामानाच्या यादीकडे गेली. सूई, तूरटी. त्यांचा उकार कायम दीर्घच! श्वास रोखून तिने उत्तर लिहिलं, "दुसरी किल्ली कुठे असते?" आतल्या खोलीत सासूबाईंचा फोन टिंगकन वाजला. मग उत्तर उमटलं: "दूसरी माझ्याच कमरेला आहे, पोरी. पण जायचं कूठे?"