वहिनींचा कागद

कँटीनच्या दाराशी पुन्हा घोळका जमला होता. फिटर हातातला चहा तसाच धरून लांबून बघत राहिला. सूचना फलकावर युनियनच्या सरचिटणीसपदासाठी उभ्या असलेल्या तिघांचे तीन कागद लावले होते. माणसं पहिल्या दोघांवरून नजर फिरवत आणि तिसऱ्यापाशी थांबत. तिसरा कागद त्याच्या बायकोचा होता.

ती याच बसडेपोच्या शिवणखोलीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. ठसठशीत अक्षरात तिनं तीनच मागण्या लिहिल्या होत्या. शिवणयंत्रांवर नीट उजेड हवा. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी हवी. रजा नाकारली तर कारण लेखी द्यावं. "मुद्द्याचं लिहिलंय," एक कंडक्टर म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मागच्या निवडणुकीत याच पदासाठी फिटर स्वतः उभा होता. त्याच्या कागदावर अकरा मागण्या होत्या. लोकांनी पाठीवर थापा मारल्या आणि मतं दुसऱ्याला दिली. त्यानंतर महिनाभर तो कँटीनकडे फिरकला नव्हता.

नवा कँटीनवाला कप घ्यायला आला. "तुम्ही वहिनींचे मिस्टर ना?" त्यानं आदबीनं विचारलं. "बसा की, उभे का?"

फिटर बसला नाही. बावीस वर्षं सगळे तिला फिटरची बायको म्हणत आले होते. आणि चार दिवसांत तो वहिनींचा मिस्टर झाला होता. घरीही तेच. संध्याकाळी शिवणखोलीतल्या बायका यायच्या, बाहेरच्या खोलीत हसणं-खिदळणं चालायचं आणि हा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जेवायचा. एकीनं तर त्याला, "भाऊजी, जरा पाणी आणता का?" म्हणून सांगितलं. त्यानं आणलं. तांब्या ठेवताना जरा जोरातच ठेवला.

फलकाच्या कडेला निवडणुकीचे नियम टाचलेले होते. ते कुणी वाचत नसे. घोळका पांगल्यावर फिटरनं ते वाचले. प्रचारासाठी डेपोचा वेळ, कागद, शाई, काहीही वापरायचं नाही, असं तिथं लिहिलं होतं. वापरल्यास नाव बाद.

त्याचे कान गरम झाले. तिचा कागद म्हणजे गाडी तपासणीचा छापील फॉर्म होता, उलट्या बाजूनं लिहिलेला; घरी ती लिहीत असताना त्यानं पाहिलं होतं. घरातल्या कपाटात तसा गठ्ठाच होता. तिनं तो रद्दी समजून वापरला असणार. दुपारच्या सुट्टीत फिटरनं एक चिठ्ठी लिहिली. 'तिसरा कागद उलटून पाहा. एक सभासद.' इकडेतिकडे बघून त्यानं ती तक्रारपेटीत टाकली आणि कामावर जाऊन तीन बोल्ट उगाचच जास्त आवळले.

दुसऱ्या दिवशी युनियनच्या खोलीत सगळे जमले. निवडणूक समितीचे प्रमुख निवृत्त ड्रायव्हर होते, त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी कागद उलटून टेबलावर ठेवला. ब्रेक, टायर, दिवे असे छापील रकाने सगळ्यांना दिसले.

"हा डेपोचा फॉर्म आहे, बाई. तुमच्याकडे कसा आला?"

तिनं कागदाकडे पाहिलं. मग एकदाच दाराकडे, जिथं फिटर उभा होता. चिठ्ठी लिहिताना कुणी हा प्रश्न विचारेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायला तो गठ्ठा त्यानंच स्टोअरमधून पिशवीत घालून घरी नेला होता.

"मी आणला," ती म्हणाली. "मीच उचलला."

"मग माझा नाइलाज आहे. नियम सगळ्यांना सारखा." काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि उमेदवारांची यादी पुढे ओढली.

शिवणखोलीतल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. चार दिवस फिटरला जे हवं होतं, ते आता होत होतं. आता फक्त गप्प उभं राहायचं होतं.

"थांबा, काका," तो म्हणाला. "तो कागद मी नेला होता. तिला ठाऊकही नव्हतं. आणि पेटीतली चिठ्ठीही माझीच."

खोलीत सगळ्यांच्या माना वळल्या. काकांनी पेन खाली ठेवलं. नियम पुन्हा एकदा वाचून त्यांनी निकाल सांगितला. बाईंचं नाव कायम. त्यांनी घरच्या कागदावर नवीन लिहून आणावं. फिटरला या वेळी मतदान नाही आणि स्टोअरच्या साहेबांना कळवावं लागेल. फिटरनं मान हलवली. बाहेर पडताना त्याला सगळ्यांनी वाट करून दिली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

सुट्टी झाल्यावर दोघं घराकडे निघाले. रोज ती त्याच्या बरोबरीनं बोलत चालायची. आज चौकापर्यंत दोन पावलं पुढेच राहिली. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"तू का अंगावर घेतलंस? खरं सांगितलं असतंस तर सुटली असतीस."

ती चालायची थांबली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मागच्या वेळी तुम्ही उभे होतात ना," ती खाली बघत म्हणाली, "तेव्हा मी तुम्हाला मत दिलं नव्हतं. शिवणखोलीतल्या बाकीच्यांनाही देऊ नका म्हटलं होतं. जी ती तुमचंच कौतुक करत होती. मला बघवेना."