सावलीचा पत्ता

विमान पुन्हा रिकामंच फिरतंय असं मत्स्य खात्याच्या कचेरीतल्या रेडिओने सांगितलं, तेव्हा सेलेस्टिन मावशीने इग्नेशियाचा हात धरला आणि म्हणाली, "पोरी, तुझा तो नकाशा होता म्हणून बरं. नाहीतर एवढ्या समुद्रात शोधायला सुरुवात तरी कुठून केली असती?"

इग्नेशियाने हात सोडवून घेतला आणि उगाचच रेडिओचा आवाज कमी-जास्त केला.

मावशीचा मुलगा केर्विन काल तेओफील मामाच्या टोळीची एकुलती होडी घेऊन गेला तो परतला नव्हता. इथल्या सेंट लुशियाच्या बोटी शोधत होत्या, शेजारच्या सेंट विन्सेंटच्या शोधत होत्या, आणि वरून विमान. सगळे फिरत होते ते मत्स्य खात्याच्या नकाशावरच्या एका ठिपक्याभोवती. तो ठिपका इग्नेशियाने टाकलेला. ठिपका म्हणजे सावली. रिकामी पिंपं, जुनी जाळी, नारळाच्या झावळ्या असं सगळं एकत्र बांधून खोल पाण्यात नांगरून ठेवायचं. खाली बारीक मासळी जमते, तिच्या मागे टूना येतो. इंजिन बंद पडलं की कोळी सावलीलाच दोर बांधून वाट बघत बसतो. तेव्हा केर्विन कुठे असणार यात शोधण्यासारखं काही नव्हतंच. सावली कुठे आहे तेवढं ठाऊक हवं.

ते या खोलीत दोघांना ठाऊक होतं. इग्नेशियाला, आणि पाठ करून खिडकीशी उभ्या असलेल्या तेओफील मामाला.

सावली मामाच्या टोळीची. तिची जागा टोळीबाहेर बोलायची नाही, बायकोजवळसुद्धा नाही, हा गावचा रिवाज. लग्नं मोडली होती, जागा फुटली नव्हती. मग बेटांनी आपापली मासेमारीची माहिती एकमेकांना द्यायची अशी योजना आली. खात्याच्या नोकरीतली इग्नेशिया तिच्या प्रशिक्षणाला गेली. आकडे दडवून आपण कोणाला फसवतो, यावर तिथे तिने असं काही भाषण केलं की सेंट विन्सेंटच्या खात्यातल्या मर्ल बायनोने उठून तिला मिठी मारली.

घरी आल्यावर मामा एवढंच म्हणाला, "सावली नकाशावर गेली की ती विन्सेंटवाल्यांची झाली. भाषण तुझं, पोट आमचं."

इग्नेशियाने ठिपका टाकला. फक्त अंगठाभर वायव्येला. पडद्यावर अंगठाभर, समुद्रात विमान चुकावं एवढं अंतर. तिने हिशेबही मांडला होता. खातं खूश, मामा खूश, मर्ल खूश, मासे जिथल्या तिथे. नुकसान कोणाचंच नाही. मर्लनेही आपल्या होड्या कुठे कुठे मासे धरतात त्याचा नकाशा पाठवला. त्यात सावलीच्या खऱ्या जागेकडे विन्सेंटची एक होडीही फिरकत नव्हती. तो पाहून इग्नेशियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. इतकी सरळ माणसं, आणि आपण त्यांच्याशी असं वागावं! पण ठिपका तिने हलवला नाही.

नुकसानीच्या रकान्यात आज मावसभाऊ बसला होता.

"मामा," ती खिडकीशी जाऊन हळूच म्हणाली, "मी सांगते आता."

"थांब जरा. विमान तेल भरून पुन्हा जाणार आहे ना?"

"कुठे जाणार? त्याच खोट्या ठिपक्यावर?"

"मग त्या मर्लला फोन कर. तिच्या कानात सांग."

"बोटींना कानात कसं सांगू? त्या रेडिओवर ऐकतात."

आणि रेडिओ सगळेच ऐकतात. अशा दिवशी तो गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात चालू असतो. समुद्रापलीकडच्या स्वयंपाकघरांतही.

मामाने वळून बहिणीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. जपमाळ एकदा संपून पुन्हा सुरू झाली होती.

"माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस?" तो एकदम इग्नेशियावर खेकसला. "दे! आणि रडत देऊ नकोस. एक आकडा चुकलीस तर पोर जाईल."

इग्नेशियाने बटण दाबलं.

"सगळ्या बोटींना. नकाशावरची सावली खोटी आहे. मी मुद्दाम तशी टाकली. खरी जागा लिहून घ्या."

तिने आकडे सांगितले. मग पुन्हा एकदा, सावकाश, शाळेतल्या पोरांना शुद्धलेखन घालावं तसे.

मावशीची माळ थांबली. तिने इग्नेशियाकडे पाहिलंच नाही. भावाकडे पाहिलं.

"तेओफील, तुला माहीत होतं?"

मामाने टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला.

सेंट लुशियाच्या बोटी लगेच 'वळतोय' म्हणाल्या. विन्सेंटकडून मात्र काहीच येईना. एवढं ऐकल्यावर निदान त्यांच्या एका बोटीने तरी तसं म्हणायला हवं होतं. कोणी शिवीसुद्धा घातली नाही. इग्नेशियाला वाटलं, या खोटारडीशी आता कोणी बोलायलाच तयार नाही. तिने पुन्हा बटण दाबलं.

"मर्ल, ऐकतेस ना? मला नंतर काय बोलायचं ते बोल. आत्ता तुमच्या बोटी तिकडे वळव, तुझ्या पाया पडते."

"इग्नेशिया." मर्लचा आवाज आला, पण अगदी बारीक. "बोटी नको वळवूस. केर्विन धडधाकट आहे. आमच्या पोरांनी पहाटेच आणला त्याला. भाजलेला नीरफणस खाऊन झोपलाय."

मावशीने माळ डोळ्यांना लावली. मामाने तिला धरलं. तिने त्याचा हात झटकला आणि मग पुन्हा घट्ट पकडला.

"पहाटे?" इग्नेशिया ओरडली. "दुपार झाली, मर्ल! इथे त्याची आई माळ ओढत बसलीय! सांगितलं का नाहीस?"

पलीकडे कोणीतरी खाकरलं. कोणीतरी कोणालातरी 'तूच बोल' म्हणाल्याचंही ऐकू आलं.

"सांगणारच होतो गं," मर्ल म्हणाली. "पण कुठे सापडला म्हणून सांगायचं, यावर सकाळपासून आमची बैठक चालू आहे."